प्रांताधिकाऱ्यांचं बोलावणं येण्याआधी काय लिहून ठेवावं

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. धुळे जिल्ह्यातल्या एका मध्यम प्रकल्पाखालच्या अकरा गावांनी कृती समिती केली आहे. धरणातलं शेतीचं पाणी औद्योगिक वसाहतीकडे वळवायचा प्रस्ताव आहे आणि गावांचा त्याला विरोध आहे. दोन महिन्यांत दोन मोर्चे झाले, एक रास्ता रोको झाला. आता समितीत दोन तट पडलेत. शिकलेली मुलं म्हणतात, आधी आपलं दृष्टिपत्र लिहू, व्हिजन स्टेटमेंट. आपल्याला नेमकं कसं खोरं, कसं गाव हवंय ते ठरवू, नाहीतर आंदोलन भरकटेल. जुनी मंडळी म्हणतात, कागद काढला की भांडण निघतं, आधी पाणी वाचवू. विचारणाऱ्या ताई समितीत तरुण आहेत आणि दोन्हीकडची माणसं त्यांच्या घरातलीच आहेत.

ताई, सातपुड्याच्या पायथ्याला आणि तापीच्या दोन्ही काठांना मी अठ्ठावीस वर्षं पूर्णवेळ हेच काम केलं. माझं मत आधीच सांगून टाकतो. दृष्टिपत्र लागतं, पण आज नाही, आणि तुमच्या मुलांच्या डोक्यात आहे तसं तर नाहीच. आज लागते ती एका पानाची मागणी. त्या पानाच्या मागच्या बाजूला दोन प्रश्नांची उत्तरं लागतात: कशावर सही करणार नाही, आणि सही कोण करणार. ही दोन उत्तरं लिहिताना तुमच्यात जी भांडणं होतील, त्यातूनच पुढचं दृष्टिपत्र निघेल.

हे मी कुठे शिकलो ते सांगतो, कारण त्याची किंमत सात गावांनी मोजली आहे.

वीसेक वर्षांपूर्वी एका प्रकल्पात जमीन जाणाऱ्या सात गावांचं आंदोलन आम्ही चालवत होतो. आम्ही तिघं-चौघं शिकलेले कार्यकर्ते. एका आश्रमशाळेत दोन दिवसांचं शिबिर घेतलं आणि चार पानांचं भूमिकापत्र तयार केलं. त्यात शोषणमुक्त समाज होता, समतेवर आधारलेला विकास होता, निसर्गाशी मैत्री होती. प्रत्येक शब्दावर आमचा विश्वास होता आणि आजही आहे. गावोगाव वाचून दाखवलं, लोकांनी हात वर केले. मग कलेक्टर कचेरीसमोर कडुनिंबाखाली ठिय्या सुरू झाला. चौथ्या दिवशी एक पत्रकार आला आणि पुढे बसलेल्या एका मावशींसमोर त्याने माइक धरला. तुम्ही कशासाठी बसलात? मावशी चार दिवस कळण्याच्या भाकरी फडक्यात बांधून आणत होत्या, रात्री सडकेच्या कडेला झोपत होत्या. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "या भाऊले इचारा."

रात्री मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. म्हटलं, मावशी, तू कसाले उनी आठे? त्या म्हणाल्या, "मनं वावर जाई ऱ्हायनं." माझं शेत जातंय. मग हेच त्याला का नाही सांगितलं? त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुमना कागदमा मनं वावर कोठे शे?"

चार पानांत खरोखरच कुठे नव्हतं.

याहून वाईट पुढे झालं. नवव्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला आतून बोलावणं आलं, पाच जणांचं शिष्टमंडळ या. चहा आला, खुर्च्या दिल्या. साहेब नीट बोलत होते. बागायती जमिनीचा दर वाढवून देतो, लेखी देतो, आजच देतो. जिरायतीचं पुढच्या टप्प्यात बघू. आमच्याजवळ चार पानं होती, पण बागायत आणि जिरायत यांचा निकाल एकत्रच लागेल ही एक ओळ त्यात नव्हती. शेतमजुरांचं काय, याची ओळ नव्हती. आणि पाच जणांनी आत जे मान्य केलं ते बाहेर मंडपात विचारल्याशिवाय पक्कं धरायचं नाही, असंही कुठे लिहिलेलं नव्हतं. पाचातल्या तिघांची जमीन बागायती होती. त्यांनी सही केली. त्यांना गद्दार म्हणणारी माणसं त्या रात्री पुष्कळ होती. मी म्हणत नाही. त्यांना नाही म्हणायला लावणारं वाक्य आम्ही त्यांच्या हातात दिलंच नव्हतं, आणि वर्षानुवर्षं अडकलेला पैसा समोर ठेवलेला असताना माणसाने स्वतःच्या बळावर नाही म्हणावं ही अपेक्षा क्रूर आहे. सकाळी मंडप अर्धा रिकामा होता. मावशींचं वावर जिरायती होतं.

त्या दिवसापासून कुठल्याही आंदोलनाचा कागद हातात आला की मी एवढंच बघतो: साडेसहाला बोलावणं आलं तर हा कागद उपयोगी पडेल का? तुमच्या मुलांनी जे लिहायला घेतलंय त्याला हा प्रश्न लावून बघा.

आता जुन्या मंडळींचं म्हणणं. एका मागणीवर एकत्र या, बाकी सगळं बाजूला ठेवा, हे ते अडाणीपणाने म्हणत नाहीत. आपल्या राज्याचा जन्मच तसा झाला. १९५६ च्या फेब्रुवारीत संयुक्त महाराष्ट्र समिती झाली तेव्हा प्रजा समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन एका मांडवात आले. उद्याचा समाज कसा असावा यावर यांना एक पान लिहायला बसवलं असतं तर पहिल्या वाक्यावरच मोडलं असतं. मुंबईसह मराठी भाषकांचं एक राज्य, एवढ्या एका वाक्यावर ते चार वर्षं टिकले आणि १ मे १९६० ला राज्य झालं. अगदी अलीकडचं बघायचं तर २०२०-२१ मध्ये दिल्लीच्या सीमांवर बसलेल्या शेतकरी संघटना. डाव्या, उजव्या, बिगरराजकीय, मोठ्या बागायतदारांच्या, छोट्या शेतकऱ्यांच्या. तीन कायदे मागे घ्या, हमीभावाला कायद्याचा आधार द्या, एवढ्यावर त्यांनी एक वर्ष काढलं. कायदे मागे गेले.

तेव्हा दृष्टिपत्राशिवाय आंदोलन उभं राहत नाही, जिंकत नाही, हे मुलांचं म्हणणं खरं नाही. पण याच दोन गोष्टींचा पुढचा भागही बघायला हवा. राज्य मिळालं आणि समितीचे घटक आपापल्या वाटेने गेले. त्या राज्यात शेतमजुराला काय मिळणार, आदिवासीला काय मिळणार, हे एकत्र बसून ठरवायचं राहिलं. दिल्लीहून ट्रॅक्टर परतले आणि महिन्याच्या आत काही संघटना पंजाबच्या निवडणुकीत उतरल्या, बाकीच्यांनी ठाम नकार दिला. एका मागणीने बांधलेली मोट त्या मागणीबरोबरच सुटते. तुमच्यापुढचा प्रस्ताव उद्या रद्द झाला तर परवा टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकावरच्या माणसाला पाणी मिळेल का? मला वाटतं, मिळणार नाही. आज उद्योग पाणी नेणार म्हणून हेडचे, म्हणजे कालव्याच्या वरच्या तोंडाचे, आणि टेलचे खांद्याला खांदा लावून उभे आहेत. पण गेली कित्येक वर्षं टेलच्या चारीत, म्हणजे शेतापर्यंत जाणाऱ्या छोट्या कालव्यात, पाण्याचं आवर्तन पोचत नाही, ते काही कारखान्यामुळे नाही. वरच्या गावांनी पाइप टाकले, मोटारी बसवल्या, म्हणून पोचत नाही. हे तुमच्या समितीत सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही.

ते कधी बोलायचं, हाच तुमच्या प्रश्नातला खरा पेच आहे.

शहाद्याच्या श्रमिक संघटनेचा इतिहास मी म्हणूनच पुन्हा पुन्हा सांगतो. मे १९७१ मध्ये पाटीलवाडीला गोळीबार झाला. त्यानंतर ३० जानेवारी १९७२ ला शहाद्यात भूमुक्ती मेळावा झाला. अंबरसिंग सुरतवंती यांनी त्याआधीपासून भिल्लांमध्ये भजनाच्या आणि सेवेच्या वाटेने काम उभं केलं होतं, त्याला बाहेरून आलेली तरुण मुलं मिळाली आणि त्यातून संघटना झाली. सुरुवातीची मागणी काय होती? हातून गेलेली जमीन परत द्या. सालदाराला, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याला, आणि मजुराला नीट मजुरी द्या. दुष्काळ आहे, काम द्या. एवढंच. त्या मागण्यांत बाईचा मुद्दा वेगळा असा नव्हता. मग बायकांचं शिबिर झालं. त्यांना विचारलं, तुमचं दुखणं काय, तर उत्तर आलं दारू आणि दारू पिऊन होणारी मारहाण. शिबिर संपलं आणि बायकांनी गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडली. जमिनीसाठी उभ्या राहिलेल्या संघटनेला स्वतःच्या घरातला अन्याय बघावा लागला. कोणी आधी कागदावर तसं लिहून ठेवलं नव्हतं. पण एकदा झाल्यावर ते त्या संघटनेचं ध्येय झालं, आणि बाहेरच्या कुणाला ते पुसता येईना. जमिनीच्या बाजूने बघायचं तर आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनी परत करण्याचा कायदा राज्यात १९७४ साली आला, त्यामागे अशा लढ्यांचा रेटा होता.

क्रम लक्षात घ्या. मागणीने माणसं आली. बरोबर लढताना एकमेकांचं दुखणं कळलं. मग ध्येय रुंदावलं. आधी रुंद ध्येय लिहून त्यात माणसं बसवलेली नाहीत.

नर्मदेचं उदाहरण याहून अवघड आहे, आणि तुमच्या मुलांच्या बाजूने जाणारं आहे. सरदार सरोवरात महाराष्ट्रातली ३३ गावं, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. तिथे लोकांनी आधी विचारलं ते साधे प्रश्न होते. पाणी कुठपर्यंत येणार, आम्हाला कुठे नेणार, जमीन किती, कोणती, कुणाच्या नावावर? उत्तरं मिळेनात. १९८८ मध्ये डूबक्षेत्रातल्या लोकांनी भूमिका बदलली: पुनर्वसन नीट करा इथून धरणच नको इथपर्यंत. गुजरातमध्ये काम करणाऱ्या एका गटाने तेव्हा वेगळा निर्णय घेतला. तिथल्या सरकारने जमिनीचं चांगलं धोरण दिलं तेव्हा त्यांनी ते स्वीकारलं आणि लोकांना ते मिळवून देण्याच्या कामाला लागले. दोन्हीकडे प्रामाणिक माणसं होती. पण प्रश्न असा होता की नुसत्या मागणीने तो सुटत नव्हता. विकास म्हणजे काय, नदी कुणाची, कुणी कुणासाठी उठायचं, यावर भूमिका घ्यावीच लागली. तिथे दृष्टी टाळून पुढे जाताच आलं नसतं.

आणि ती दृष्टी होती म्हणूनच १८ ऑक्टोबर २००० ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल विरुद्ध गेल्यावरही डोमखेडी, चिमलखेडी, मणिबेलीची माणसं विखुरली नाहीत. धरण झालं. तरीही जमिनीच्या बदल्यात जमीन मिळवण्याचा लढा चालू राहिला आणि पुष्कळांना ती मिळाली. एकच मागणी असती तर त्या दिवशी सगळं संपलं असतं. "आमु आखा एक छे" ही घोषणा तुम्ही ऐकली असेल. आम्ही सगळे एक आहोत, एवढाच तिचा अर्थ. डोंगरातली चौथी-पाचवी शिकलेली पोरंही ती म्हणत, निरक्षर म्हातारीही म्हणत. आणि लिहिलेल्या कुठल्याही पत्रकापेक्षा मला जीवनशाळा मोठ्या वाटतात. गाव बुडणार हे दिसत असताना त्या गावात पोरांसाठी शाळा काढायची, त्यांच्या बोलीत शिकवायचं. ध्येय काय आहे हे त्या कुडाच्या शाळेकडे बघून कुणालाही कळत होतं.

शब्दांबद्दल एवढंच सांगतो की ते तोंडात बसायला हवेत. ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारच्या चौकात शिरीषकुमार आणि त्याच्यासोबतची पोरं "नहीं नमशे, नहीं नमशे, निशाण भूमी भारतनुं" म्हणत होती. घरची भाषा गुजराती, म्हणून घोषणा गुजराती. तुमच्या अकरा गावांत अहिराणी आहे, भिलोरी आहे, दोन पाड्यांवर पावरी आहे. ‘शाश्वत जलव्यवस्थापन’ पावरीत सांगून दाखवा. सांगता आलं नाही तर त्या पाड्यांसाठी ते लिहिलेलंच नाही असं धरा.

थोडं लांबचंही एक सांगतो, कारण मुलं बाहेरच्या देशांचे दाखले देतात असं तुम्ही लिहिलंय. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०११ ला वॉल स्ट्रीटजवळच्या बागेत लोक बसले. बारा दिवसांत त्यांच्या सभेने जाहीरनामा मंजूर केला, कंपन्यांनी केलेल्या अन्यायांची लांबलचक यादी. मागणी मुद्दाम ठेवली नव्हती. नोव्हेंबरच्या मध्याला पोलिसांनी बाग रिकामी केली. एक टक्का आणि नव्याण्णव टक्के ही भाषा जगाला मिळाली, ती कमाई लहान नाही. पण तडजोड करायची तर कुणाशी, कशावर, हे ठरलेलंच नव्हतं. तुमचं पाणी येत्या हंगामात जाणार आहे, तुम्हाला तेवढा वेळ नाही.

दक्षिण आफ्रिकेचा दाखला मात्र मुलांना नक्की वाचायला द्या. तिथली स्वातंत्र्याची सनद २६ जून १९५५ ला क्लिपटाउनच्या मैदानावर मंजूर झाली. त्याआधी कित्येक महिने स्वयंसेवक वस्त्यांत, खाणींत, शेतांवर फिरत होते आणि तुम्हाला काय हवंय हे विचारून हाती लागेल त्या चिठोऱ्यावर लिहून आणत होते. जमीन, घर, पगार, मुलांची शाळा. त्या चिठ्ठ्यांतून सनद झाली. म्हणजे दृष्टिपत्र एकत्र येऊन लिहिता येतं, फक्त त्याला पाय झिजवावे लागतात. आणि हेही खरं की त्या सनदेने फूट पडली. हा देश इथे राहणाऱ्या सगळ्यांचा, काळ्यांचा आणि गोऱ्यांचा, हे पहिलंच वाक्य काहींना मान्य नव्हतं; १९५९ मध्ये ते वेगळे झाले आणि त्यांनी आपला पक्ष काढला. तुमची जुनी मंडळी म्हणतात तेच. तरी चाळीस वर्षांनी, १९९६ मध्ये, त्या देशाच्या राज्यघटनेच्या प्रास्ताविकात त्या वाक्याचा गाभा जाऊन बसला. फूट पडली म्हणून लिहिलेलं चुकलं असं होत नाही. फक्त कुणाला गमावणार आहोत हे डोळे उघडे ठेवून ठरवायचं असतं, आणि ते दोन महिन्यांच्या समितीला झेपत नाही.

आता तुमच्या पाण्याकडे येतो, इथे मला सगळ्यात जास्त सांगायचंय.

मागणीचं पान लिहाल त्यात कायद्याचा आधार ठेवा, म्हणजे आत बसलेल्या माणसाला उडवून लावता येणार नाही. २००३ च्या राज्य जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योग आणि त्याच्यानंतर शेती असा क्रम होता. पुष्कळ ओरड झाली आणि २०११ मध्ये तो बदलला, शेती दुसऱ्या क्रमांकावर आली. हा बदल लढून मिळालेला आहे. तो पहिल्या ओळीत लिहा. दुसऱ्या ओळीत आकडा: धरणात किती दशलक्ष घनफूट, सिंचनाला किती, प्रस्तावात किती जाणार. आकडा माहिती अधिकारात मागून घ्या, ऐकीव लिहू नका. तिसऱ्या ओळीत प्रस्ताव रद्द करा. पान इथे संपलं पाहिजे.

मागची बाजू. कशावर सही करणार नाही. इथे मी असतो तर हे लिहिलं असतं: हेडच्या गावांचं पाणी कायम ठेवून टेलचं काढून घेण्याला आम्ही मान्यता देणार नाही. तुमच्यापुढे हाच प्रस्ताव येणार आहे, ताई. माझ्या अंदाजाने दुसऱ्याच बैठकीत येईल. सगळं पाणी नेत नाही, फक्त शेवटच्या तीन चाऱ्यांचं नेतो, तसंही तिथे पोचत नाही, त्यांना पैसे देतो. तेव्हा वरच्या आठ गावांनी काय म्हणायचं, हे आजच मारुतीच्या ओट्यावर बसून ठरवा. भांडण होईल. होऊ द्या. साहेबांच्या खोलीत होण्यापेक्षा ओट्यावर झालेलं बरं.

आणि सही. शिष्टमंडळात टेलच्या गावांचे निम्मे. आत कोणीही काहीही मान्य करणार नाही, ऐकून बाहेर येईल, लेखी घेऊन येईल, अकरा गावांत वाचून दाखवेल, सात दिवसांनी उत्तर देईल. हे आधीच निवेदनात लिहून दिलं की आत बसलेल्यांवरचं ओझं निम्मं होतं. साहेब म्हणाले आजच सांगा, तर कागदाकडे बोट दाखवता येतं. त्या संध्याकाळी आमच्या तिघांना एवढीच सोय हवी होती.

एवढं झालं की मग मुलांना म्हणा, आता दृष्टिपत्राला लागा. घाई नाही, पण थांबूही नका. आणि सुरुवात पांझरेच्या काठावरून करा.

आपल्याकडे साक्री तालुक्यात आणि शेजारी बागलाणात मोसम-आरम नद्यांच्या काठाला फड पद्धत काही शतकं चालली. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून कालवा, कालव्याखालचं सगळं क्षेत्र म्हणजे थळ. थळाचे फड पाडलेले. एका फडात एका हंगामात एकच पीक. ज्याला त्याला वाटेल ते लावायची मुभा नाही. पाणी सोडायला पाटकरी, पिकाची राखण करायला जागल्या, त्यांचा मोबदला सगळ्यांनी मिळून द्यायचा. बहुतेक शेतकऱ्यांचा तुकडा वेगवेगळ्या फडांत असायचा. म्हणून पाणी कमी असलेल्या वर्षी अमुक फड भिजवायचा, तमुक कोरडा ठेवायचा असं ठरलं, तर तोटा एकट्यादुकट्याच्या माथी येत नसे. हे कुठल्या ध्येयपत्रात लिहिलेलं नव्हतं, पाणी वाटायच्या पद्धतीतच होतं. मुलांना एक दिवस तिकडे घेऊन जा. जिथे अजून पद्धत आठवणारी माणसं आहेत तिथे बसवा आणि विचारायला सांगा: दुष्काळात पाण्यावरचा हक्क कुणी आधी सोडायचा?

हेही विचारायला सांगा की ज्याला जमीनच नव्हती त्याला फडात काय होतं. त्याला पाण्यावर हक्क नव्हता, मजुरी होती. फड पद्धतीचा मला अभिमान आहे, पण तिचा हा भाग लपवून तुम्ही नवं काही लिहू नका. तुमच्या अकरा गावांत निम्मी माणसं दुसऱ्याच्या शेतात राबतात. धरणात जाळं टाकणारे भोई आहेत. पाणी गेलं तर त्यांचीही रोजी जाते, पाणी राहिलं तर त्यांना काय मिळतं? मोर्चात ते तुमच्या मागे चालतात. दृष्टिपत्रात त्यांची ओळ कोणती?

म्हणून विचारायला जायची वेळ नीट निवडा. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, मला त्यासाठी सगळ्यात चांगली वाटते. सासुरवाशिणी माहेरी आलेल्या असतात, झोके बांधलेले असतात, बाया मोकळ्या बोलतात. ज्या गावात पाणी आहे आणि ज्या गावात नाही, दोन्हीकडचं एका ओसरीवर कळतं, कारण लेक एकीकडची आणि सासर दुसरीकडचं. आणि सालदाराचं वर्षही आखाजीलाच बदलतं. कोणत्या गावात सालाचा भाव काय ठरला, कुणी कुणाकडून सुटला, पाण्याच्या जिवावर कुणाची मजुरी वाढली आणि कुणाची नाही, हे त्या आठवड्यात सगळ्यांच्या तोंडी असतं. तेव्हा विचारा. प्रश्न एकच ठेवा: पाणी आपलं राहिलं, तर पुढच्या आखाजीला तुमच्या घरात काय वेगळं दिसायला हवं?

उत्तर जसं बोललं तसं लिहून घ्या. भाषा सुधारू नका. ‘पोरगी कॉलेजले धाडाले पैसा’ असं कुणी म्हटलं तर ‘स्त्री-शिक्षण’ लिहू नका. मी लिहिलं होतं, म्हणून सांगतो. दीडशे-दोनशे उत्तरं झाली की मुलांनी ती ओट्यावर मोठ्याने वाचावीत. पहिल्या वीस मिनिटांत कळेल की कुठे सगळे माना डोलावतात आणि कुठे अचानक शांतता होते. माना डोलावतात ते वाक्य दृष्टिपत्रात घ्या. शांतता होते ते वाक्य वेगळ्या कागदावर लिहून ठेवा, तारीख घालून. ते आज सुटणार नाही. पण समिती पाच वर्षं टिकली तर त्या कागदावरच टिकेल, कारण टेलचं पाणी, मजुराचा वाटा, बाईचं नाव सातबाऱ्यावर, हे सगळं तिथेच जमा होणार आहे.

वनहक्काच्या कामात मी हे प्रत्यक्ष पाहिलं. २००६ च्या कायद्यात कसत असलेल्या जमिनीचा वैयक्तिक दावा करता येतो, चार हेक्टरपर्यंत, आणि गावाला सामूहिक हक्काचाही दावा करता येतो. ज्या पाड्यांवर फक्त ‘माझा प्लॉट माझ्या नावावर’ एवढंच बोलणं झालं, तिथे पट्टे हातात आले आणि सभेला माणसं यायची थांबली. ज्या पाड्यांवर सुरुवातीलाच कुणीतरी म्हातारा उठून म्हणाला होता की माझ्या शेताला पाणी येतं ते वरच्या जंगलातून, त्याचं काय, तिथे सामूहिक दावा पुढे गेला. त्या म्हाताऱ्याचं बोलणं पहिल्या दिवशी कुणीच उचललं नव्हतं. पण इतिवृत्तात लिहिलेलं होतं. दोन वर्षांनी पट्ट्यांचं काम संपलं, आता काय, असं सगळे विचारायला लागले तेव्हा एका मुलीने जुनी वही काढून ती ओळ वाचली.

तुमच्या समितीची वही कोण लिहितं हे तुम्ही कळवलेलं नाही. ज्याचं अक्षर चांगलं त्याच्याकडे ती असेल तर बदला. शेवटच्या चारीवरच्या गावातल्या कुणाकडे द्या, शक्य असेल तर मजुराच्या घरातल्या मुलीकडे. येत्या बैठकीला मागणीचं पान तिलाच वाचू द्या, आधी मराठीत आणि मग तिच्या बोलीत. जिथे ती अडखळेल तिथे वाक्य बदला.

मी पोळ्यानंतर शिरपूर बाजूला आहे. पान तयार झालं की मागची बाजू लिहिलेली असेल तरच मला दाखवा, मी वाटेल तेवढा वेळ बसेन.